पीएमआरचे डॉक्टर कधी आणि कशासाठी लागतात? अर्धांगवायू, मणक्याची इजा, कापलेला पाय

कातळफूल

डिस्चार्ज कार्डाच्या शेवटच्या ओळीत 'फिजिओथेरपी चालू ठेवा' एवढंच लिहिलेलं असतं आणि पेशंट घरी येतो. ज्या आजारासाठी दाखल केलं तो आटोक्यात असतो. मेंदूतला रक्तस्राव थांबलेला, मणक्यात स्क्रू बसलेले, कापलेल्या पायाचे टाके निघालेले. पण पेशंटला कुशीवर वळता येत नाही. लघवीची नळी तशीच आहे, पाणी पिताना ठसका लागतो, हाताची मूठ आवळत चालली आहे. न्यूरोसर्जन जखम बघतात, फिजिशियन बीपी आणि साखर बघतात, नळीसाठी यूरोलॉजीला चिठ्ठी मिळते. हे सगळं एकाच माणसाचं आहे, हे धरून कोणी बघायचं?

त्यासाठी वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे : फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, बोलताना पीएमआर. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी असतं. शाखा नवीन नाही. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून आहे. पुण्याचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र त्याहून जुनं, १९४४ चं. वेल्लोरला डॉ. मेरी व्हर्गीस यांनी हे काम उभं केलं. १९५४ च्या अपघातात त्यांच्या कमरेखालची शक्ती गेली, त्यानंतर त्या न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्याकडे शिकल्या. वेल्लोरची पुनर्वसन संस्था १९६६ ची.

इतकं असूनही पीएमआरकडे पेशंट पोचतो तो बहुधा सहा महिन्यांनी, माकडहाडावर जखम आणि गुडघे आखडलेले घेऊन. मग पुढचे दोन-तीन महिने फक्त झालेलं नुकसान निस्तरण्यात जातात. म्हणून हा धागा. पीएमआरला बोलवायचं ते पहिल्या आठवड्यात, आयसीयूतून बाहेर येताना किंवा आयसीयूत असतानाच.

पहिल्या भेटीत बघायच्या गोष्टी : गिळणं सुरक्षित आहे का, लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरते, शौचाला कधी झालं, टाचा, माकडहाड आणि नितंबांची हाडं लाल आहेत का, कुठला सांधा पूर्ण हलत नाही, शब्द समजतात का, मन खचलंय का, रात्री झोप लागते का. हातापायाची ताकद यातली फक्त एक ओळ असते. शेवटी घर कसं आहे, कितव्या मजल्यावर, संडास कुठल्या पद्धतीचा, दिवसा सोबत कोण असतं, हे विचारायचं. त्याच्याशिवाय उद्दिष्ट ठरवता येत नाही.

तगर

चांगला विषय. एक गोष्ट स्पष्ट करा. बऱ्याच घरांत 'आमचे फिजिओ येतात की' असं उत्तर मिळतं. फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि पीएमआर डॉक्टर यांची कामं नेमकी कुठे वेगळी होतात?

पाऊलवाट

मी फिजिओच्या बाजूने लिहिते. तोल, चाल, ताकद, खाटेवरून खुर्चीत जाणं, छाती मोकळी ठेवणं हे आमचं काम. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हाताचं काम, जेवण, आंघोळ, कपडे, स्प्लिंट, घरातले बदल आणि लक्ष-स्मरण यांवर काम करतात. स्पीच थेरपिस्टकडे बोलणं आणि गिळणं. प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट कृत्रिम पाय आणि ब्रेस बनवतात.

पीएमआर डॉक्टर वैद्यकीय निदान करतात, औषधं-इंजेक्शनं देतात आणि कुठल्या थेरपीला आत्ता प्राधान्य हे ठरवतात. एक उदाहरण. आठवडाभर पेशंटचा पाय जास्त कडक लागतोय. मी ताणाचे व्यायाम वाढवले तर काहीच होणार नाही, कारण मूळ कारण मूत्राशयातला खडा किंवा बोटात रुतलेलं नख असू शकतं. ते शोधणं डॉक्टरांचं काम. उलट दिशेनेही खरं आहे : डॉक्टरांनी बोटॉक्स (कडक स्नायू सैल करणारं इंजेक्शन) दिलं आणि पुढे थेरपी झालीच नाही, तर तीन महिन्यांत पैसे वाया.

चांगल्या केंद्रात आठवड्यातून एकदा सगळे एकत्र बसतात आणि प्रत्येकाने एकच उद्दिष्ट धरलेलं असतं. 'चालायला लागणं' हे उद्दिष्ट होत नाही. 'तीन आठवड्यांत एका माणसाच्या हाताच्या आधाराने खाटेपासून संडासापर्यंत' हे होतं. मोजायला बार्थेल इंडेक्स वापरतात, ० ते १०० : जेवण, आंघोळ, कपडे, शौच-लघवीवर ताबा, उठबस, चालणं, जिना.

उंबरठा

अर्धांगवायूतल्या कडकपणाबद्दल सविस्तर लिहाल का? 'स्नायू सैल करायची गोळी' एवढंच लोकांना माहीत असतं.

कातळफूल

@उंबरठा, इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिला प्रश्न : हा कडकपणा आहे की आखडलेपण? सांधा भरकन हलवला की मध्येच अडकतो, पण सावकाश नेला तर पुढे जातो, तो स्नायूचा ताण म्हणजे स्पॅस्टिसिटी. सावकाश नेऊनही त्याच जागी थांबतो, तिथे स्नायू आणि सांध्याचं आवरण आखूड झालेलं आहे. औषध आणि बोटॉक्स पहिल्यावर चालतात. दुसऱ्याला टप्प्याटप्प्याने बदलायची प्लास्टरं, स्प्लिंट किंवा शेवटी शस्त्रक्रिया. हे न तपासता दिलेलं बोटॉक्स आखडलेल्या घोट्यावर काहीही करत नाही.

दुसरा प्रश्न : तो त्रास देतोय की मदत करतोय? अर्धांगवायूच्या पुष्कळ पेशंटचा गुडघा मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कडकपणावर उभा असतो, कारण खरी ताकद अजून आलेली नसते. गोळी वाढवली की तो कडकपणा जातो, गुडघा मोडतो आणि पेशंट पडतो. घरचे म्हणतात, 'पाय सैल झाला पण चालणं गेलं.' डोस वाढवण्याआधी पेशंटला चालवून बघायलाच हवं.

तिसरा : अचानक वाढला का? तर डोसला हात लावू नका, आधी कारण शोधा. बद्धकोष्ठ, लघवीतलं इन्फेक्शन, नळी तुंबणं, बेडसोर, घट्ट बूट, रुतलेलं नख, न कळलेलं फ्रॅक्चर, पायातली रक्ताची गुठळी.

आता औषधं. बॅक्लोफेन ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सुरू करून दर तीन दिवसांनी थोडं वाढवतात, कमाल रोज ८० मिलिग्रॅम. वृद्ध किंवा किडनी कमजोर असलेल्याला याहून खूप कमी लागतं, नाहीतर माणूस दिवसभर झोपेत राहतो आणि घरच्यांना वाटतं पुन्हा झटका आला. गोळी संपली म्हणून एकाएकी बंद कधीच करू नये : भास, फिट्स, तीव्र ताप, सगळं होऊ शकतं. गावाला जाताना पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या ठेवाव्यात.

दुसरी गोळी टिझानिडीन. तिने बीपी उतरतं आणि लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. आणि हे प्रत्येक फॅमिली डॉक्टरने लक्षात ठेवावं : टिझानिडीन चालू असताना सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक देऊ नये. सिप्रोमुळे टिझानिडीनची रक्तातली पातळी कित्येक पटींनी वाढते, बीपी कोसळतं. लघवीच्या इन्फेक्शनला सिप्रो सहज लिहिलं जातं आणि नेमके हेच पेशंट टिझानिडीनवर असतात.

गोळी सगळ्या शरीराला लागते. त्रास फक्त मुठीचा आणि पिंढरीचा असेल तर तिथेच बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे बोटॉक्स. तीन ते सात दिवसांत असर सुरू, चार ते सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त, साधारण तीन महिन्यांत उतरतो, आणि तीन महिन्यांच्या आत पुन्हा देत नाहीत, शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. सुई नेमक्या स्नायूत गेली पाहिजे, म्हणून सोनोग्राफी किंवा स्टिम्युलेटर (हलक्या विजेने स्नायू हलवून दाखवणारं यंत्र) वापरतात. कोपर ते मनगट या भागातले खोलवरचे स्नायू अंदाजाने सापडत नाहीत.

परवडत नसेल तर फिनॉलचा ब्लॉक, म्हणजे नसेचं काम थांबवणारं इंजेक्शन. औषध अगदी स्वस्त असतं. दोन मांड्या एकमेकींवर कात्रीसारख्या चढतात आणि अंग पुसणं, नळी घालणं अशक्य होतं, तिथे मांडीच्या ऑब्ट्युरेटर नसेत फिनॉल उत्तम. पण संवेदना नेणाऱ्या मिश्र नसेत दिलं तर जळजळीची वेदना मागे राहू शकते, त्यामुळे ते शिकलेल्या हातानेच द्यावं.

पाऊलवाट

यात खांद्याचं जोडते. लुळ्या बाजूचा खांदा पहिल्या आठवड्यांत खाली उतरलेला असतो, त्याला स्नायूंचा आधार नसतो. पेशंटला उठवताना त्या हाताला धरून ओढायचं नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही. दाराला अडकवलेली दोरी-पुली घरोघरी दिसते. लुळ्या खांद्याला ती नको. चांगला हात जोर लावून लुळा हात वर खेचतो, खांद्याचं पातं सोबत फिरत नाही आणि मधले स्नायू चिमटले जातात. बसलेलं असताना हात उशीवर किंवा ट्रेवर, गळ्यातली झोळी फक्त उभं राहताना आणि चालताना. चोवीस तास झोळीत ठेवलेला हात छातीशीच आखडतो.

रबरी चेंडू दाबायला देण्याचंही तसंच. बोटं मिटतात पण उघडत नाहीत अशा हाताला मिटण्याचा सराव काय करायचा? उघडण्याचा द्यायचा.

हात सुजला, लाल-गरम झाला, बोटं वाकवताना पेशंट ओरडतो, असं दिसलं तर व्यायाम वाढवू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. शोल्डर-हँड सिंड्रोम लवकर पकडला तर आटोक्यात येतो.

शब्दवेल

गिळण्याबद्दल दोन मुद्दे, स्पीच थेरपीच्या बाजूने. झटक्यानंतर गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणीसुद्धा नाही. गोळीही नाही. ठसका लागतो तो धोका दिसतो तरी. काही पेशंटना घशातलं कळतच नाही, अन्न निमूट फुप्फुसात जातं आणि चार दिवसांनी न्यूमोनिया. खाल्ल्यावर आवाज ओला, घरघरता येणं, रोज संध्याकाळी थोडा ताप, ही खूण धरायची.

आपल्याकडे 'पातळ काहीतरी द्या' म्हणतात. अवघड तेच असतं. पाणी, चहा, वरणाचं पाणी सगळ्यात वेगाने घशात उतरतात. त्याहून अवघड म्हणजे दोन जातींचं मिश्रण : दुधात कुस्करलेली पोळी, चहात बुडवलेलं बिस्कीट, भाजीचा रस्सा आणि फोडी. घन भाग तोंडात असतानाच पातळ पुढे निघून जातं. सुरुवात एकजीव, दाट पदार्थांनी : नाचणीची दाट खीर, गुरगुट्या भात पूर्ण घोटून, कुस्करलेलं केळं. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, एक घास पूर्ण गिळल्यावर दुसरा, लुळ्या गालात काही साठलंय का ते बोटाने बघणं. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. आणि दिवसातून दोनदा दात-जीभ स्वच्छ, नळीने अन्न जात असलं तरी. घाणेरड्या तोंडातली लाळ फुप्फुसात गेली तरी न्यूमोनिया होतो.

सावली_२१

वॉर्डातल्या नर्सिंगचा प्रश्न. मणक्याच्या इजेच्या पेशंटची नळी काढण्याआधी 'ब्लॅडर ट्रेनिंग' म्हणून तिला दर दोन-तीन तासांनी क्लॅम्प (चिमटा) लावून लघवी अडवायची ऑर्डर असते. हे बरोबर आहे का?

कातळफूल

@सावली_२१, सोडून द्यायला हवी अशी पद्धत आहे. क्लॅम्प लावून मूत्राशय काही शिकत नाही. मणक्याची इजा टी-६ (छातीच्या मणक्यांपैकी सहावा) किंवा त्याच्या वर असेल तर क्लॅम्प लावणं धोक्याचंही आहे, ते पुढे लिहितो.

इजेनंतर पहिले काही आठवडे मूत्राशय पूर्ण ढिला असतो. मग एक दिवस लघवी 'आपोआप' होऊ लागते. घरी आनंद होतो. इथेच किडन्यांचं नुकसान सुरू होऊ शकतं. मूत्राशय आकुंचन पावतो, त्याच वेळी खालचा झडपेचा स्नायू उघडण्याऐवजी आवळतो. आतला दाब वाढतो, लघवी थोडी बाहेर, थोडी वर किडनीकडे. बाहेरून चादर ओली दिसते, आत दीड-दोनशे मिली शिल्लक. म्हणून लघवी झाल्यावर लगेच सोनोग्राफीने किंवा नळी घालून शिल्लक मोजायची, आणि शक्य तिथे युरोडायनॅमिक तपासणी करून दाब बघायचा. पोट दाबून लघवी काढायची सवय लावू नये. झडप बंद असताना बाहेरून दाबलं की तोच दाब वर जातो.

हात चालत असतील तर सगळ्यात चांगला मार्ग : दर चार ते सहा तासांनी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामा करणं. मोठ्या माणसाला १२ किंवा १४ नंबरची साधी नळी. हात साबणाने धुतलेले, जागा स्वच्छ, पुरुषांना भरपूर जेली. निर्जंतुक हातमोजे घरी लागत नाहीत. एका वेळी ४०० ते ५०० मिलीच्या वर निघता कामा नये. निघत असेल तर वेळ कमी करा किंवा पाणी वाटून घ्या. दिवसाचं पाणी दीड ते दोन लिटर, संध्याकाळी सातनंतर मोजकं. तीन दिवस वही ठेवायची : किती वाजता, किती प्यायलं, किती निघालं, मध्ये गळलं का. त्या वहीवरून डॉक्टर वेळापत्रक आणि औषध ठरवतात. वहीशिवाय दिलेला सल्ला अंदाजपंचे असतो.

दर वेळी नवी नळी उत्तम. ते परवडत नाही तिथे वापरल्याबरोबर साबण-पाण्याने आतून-बाहेरून धुऊन, वाहत्या पाण्याने खळबळून, झटकून, पूर्ण वाळवून झाकणाच्या डब्यात. ओली नळी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली की जंतूंची शेती.

कायमची नळी ठेवावीच लागली तर पुरुषांमध्ये ती पोटाच्या खालच्या भागाला चिकटवायची, मांडीवर खाली ओढलेली नको. लिंग आणि अंडकोशाच्या मधल्या कोपऱ्यात घासून तिथे भोक पडतं आणि ते दुरुस्त करणं फार अवघड. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली.

आणखी एक. नळी वापरणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या लघवीच्या तपासणीत जंतू सापडतात. ताप, थंडी, वाढलेला कडकपणा, नव्याने गळणं, रक्त यांपैकी काही नसेल तर त्या रिपोर्टवर अँटिबायोटिक देऊ नये. दर महिन्याला रिपोर्ट बघून औषध दिलं तर दोन वर्षांत कुठलंच औषध चालत नाही असे जंतू उरतात.

सावली_२१

टी-६ चं लिहिणार होतात.

कातळफूल

हो. टी-६ किंवा वरच्या इजेत मूत्राशय किंवा आतडं तुंबलं की खालून निघालेला त्रासाचा संदेश मेंदूपर्यंत पोचत नाही, पण इजेच्या खालच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी झपाट्याने चढतं. पेशंटचं डोकं फुटल्यासारखं दुखतं, चेहरा लाल, इजेच्या वर घाम, खाली अंग गार. या पेशंटचं नेहमीचं बीपी वरचं ९० ते ११० असतं, त्यामुळे १४० दिसलं की 'नॉर्मलच आहे' म्हणून सोडलं जातं. नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढ म्हणजे धोका. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

लगेच उठवून बसवा, पाय खाली सोडा. पट्टा, पोटपट्टी, मोजे सैल करा. नळी वाकलीय का, पिशवी भरलीय का बघा. नळी तुंबली असेल तर बदला, नळी नसेल तर घाला, आत लिग्नोकेनची (बधिर करणारी) जेली लावून. दर दोन-पाच मिनिटांनी बीपी. तरी उतरलं नाही तर गुदद्वारात शौचाचा खडा झालाय का ते जेली लावून, थांबून, हळू तपासा. वरचं बीपी १५० च्या पुढेच राहिलं तर लवकर असर करणारं औषध. त्यातलं नायट्रेट देण्याआधी सिल्डेनाफिल (लैंगिक ताठरतेची गोळी) घेतलंय का हे न लाजता विचारा. या वयाच्या पुरुष पेशंटना ते लिहून दिलेलं असतं आणि दोन्ही एकत्र झाली तर बीपी तळाला जातं.

ही माहिती एका कागदावर लिहून व्हीलचेअरच्या पिशवीत ठेवावी. कॅज्युअल्टीतल्या प्रत्येक डॉक्टरने हे पाहिलेलं असेलच असं नाही.

खडीसाखर

पाय कापलेल्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. काम प्रोस्थेटिक्सचं.

पीएमआर डॉक्टरांचं मत शस्त्रक्रियेच्या आधी घ्यावं. गुडघा वाचवता आला तर चालायला लागणारे कष्ट फार कमी होतात आणि वृद्ध, मधुमेही माणूस पाय वापरेल की नाही हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं. नडगीचं टोक पुढून तासून गोल केलेलं असावं, वरून स्नायूंचं चांगलं आवरण असावं. हाडाला चिकटलेल्या कातडीवर सॉकेट (कृत्रिम पायाचा वरचा, उरलेला पाय बसतो तो भाग) टिकत नाही.

नंतरच्या आठवड्यांतली सगळ्यात मोठी चूक म्हणजे गुडघ्याखाली उशी. पेशंटला बरं वाटतं म्हणून घरचे ठेवतात, महिन्याभरात गुडघा वाकलेलाच राहतो आणि वाकलेल्या गुडघ्याला पाय नीट बसत नाही. दिवसभर खुर्चीत बसून राहिल्यानेही तेच होतं. गुडघा सरळ ठेवून बसायचं, आणि दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा ते तीस मिनिटं पालथं झोपायचं, म्हणजे कंबरेचा सांधाही वाकून राहत नाही.

क्रेप बँडेज : गुडघ्याखाली चार इंची, मांडीला सहा इंची. तिरके वेढे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे. टोकाला दाब जास्त, वर जाताना कमी. गोल गोल बांधलं की वरून आवळतं आणि स्टंप (कापून उरलेला पाय) खाली फुग्यासारखा सुजतो. दर चार तासांनी सोडून पुन्हा बांधायचं, रात्रीही ठेवायचं. जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पहिला पाय मोजता येतो. हा पाय तात्पुरता असतो, कारण स्टंप पहिले कित्येक महिने बारीक होत जातो. मोज्यांचे थर वाढवून जमवायचं, आणि एकूण जाडी पंधरा प्लायच्या (मोज्याच्या जाडीचं माप) आसपास गेली की नवं सॉकेट.

गुडघ्याखालच्या पायात वजन गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर आणि आतल्या बाजूला यावं. बाहेरच्या बाजूचा बारीक हाडाचा गोळा आणि नडगीचं टोक मोकळं हवं. पाय काढल्यावर लाली वीस मिनिटांत गेली नाही तर सॉकेट घासून घ्या, मोजा वाढवून दाबू नका.

अनवाणी चालण्याचा मुद्दा तर आपला खासच. साधं सॅच पाऊल (घोटा न हलणारं, मऊ टाचेचं कृत्रिम पाऊल) ज्या टाचेच्या बुटासाठी बसवलं, तो बूट घरात काढून चाललं की सगळा पाय मागे झुकतो आणि गुडघा मागे ढकलला जातो. जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास जो पाय तयार केला तो याच गरजेतून : अनवाणी, शेतात, उकिडवं बसता येईल असा. पेशंट घरात चप्पल घालतो की नाही हे विचारल्याशिवाय पाऊल निवडू नये.

तगर

@खडीसाखर, नसलेला पाय दुखतो त्याचं काय करतात?

खडीसाखर

वेदना खरी असते, हे आधी घरच्यांना सांगायचं. औषधं डॉक्टर ठरवतात, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलीन वगैरे. स्टंप बँडेजमध्ये ठेवणं, हाताने चोळणं-थोपटणं, आरशाचा सराव (चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत हालचाल) आणि पाय लवकर वापरायला लागणं यांचाही उपयोग होतो. पण स्टंपवर एकाच बिंदूला दाबल्यावर कळ येत असेल तर ती वेगळी गोष्ट, तिथे नसेची गाठ असू शकते. आणि मधुमेह्याचा उरलेला पाय रोज तळव्यासकट बघा. त्याच्यावर आता दुप्पट भार आहे.

गोफण

थोडा वेगळा सूर लावतो. 'पहिल्या आठवड्यात पीएमआर' हे मान्य, पण त्याचा अर्थ पहिल्याच दिवशी उभं करणं असा घेतला जातो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अव्हर्ट या मोठ्या चाचणीत दोन हजारांहून जास्त अर्धांगवायूचे पेशंट होते. पहिल्या चोवीस तासांत वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्यांचा तीन महिन्यांनंतरचा निकाल नेहमीच्या काळजीपेक्षा कमी चांगला आला.

कातळफूल

@गोफण, बरोबर, आणि हे लिहायला हवंच होतं. पहिल्या चोवीस तासांत लांब सत्रं नकोत. त्यानंतर बीपी स्थिर असेल तर दहा-पंधरा मिनिटांची छोटी सत्रं, दिवसातून अनेकदा. पहिल्या दिवसाचं पीएमआरचं काम पेशंटला उभं करणं नव्हे. दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचा गादीपासून उचललेल्या, गिळण्याची तपासणी, नळीची खरंच गरज आहे का, लुळा खांदा उशीवर. यातल्या कशालाही पेशंटचे कष्ट लागत नाहीत.

तसंच फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचं. २०११ च्या छोट्या अभ्यासानंतर हात-पाय लवकर सुधारावेत म्हणून ते सरसकट दिलं जाऊ लागलं. २०१८ च्या फोकस चाचणीत तीन हजारांवर पेशंटमध्ये तसा फायदा दिसला नाही, हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र वाढलं. नैराश्य असेल तर जरूर द्यावं. चालण्यासाठी म्हणून नको.

बांधावरचा

तालुक्यात जनरल प्रॅक्टिस. इथून पीएमआर डॉक्टर शंभर-दीडशे किलोमीटरवर. पेशंट महिन्यातून एकदाच जाऊ शकतो. मधल्या काळात आम्ही काय धरून बसायचं?

कातळफूल

@बांधावरचा, तुमच्यासारख्यांवरच सगळं चालतं. वर आलेलं पुन्हा लिहीत नाही, राहिलेलं लिहितो.

त्वचा. गादीवर दर दोन तासांनी कूस. एअर मॅट्रेस घेतली तरी वळवणं सुटत नाही. गोल रिंग बसायला देऊ नका, मधल्या कातडीचा रक्तपुरवठा तीच कापते. लाल डाग दाबून पांढरा होत नसेल तर तो पहिल्या टप्प्याचा बेडसोर आहे, त्यावर मालिश करायची नाही, भार पूर्ण काढायचा. खुर्चीत बसणाऱ्याने दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून सुमारे दोन मिनिटं भार हलवायचा. हातावर जोर देऊन उचलणं जमतं, पण दोन मिनिटं कोणाला टिकत नाही आणि खांदे झिजतात.

आतडं. रोज एकच वेळ, जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी, कारण तेव्हा आतडं आपोआप हलतं. वरच्या इजेत गुदद्वाराजवळचा रिफ्लेक्स शाबूत असतो, बिसाकोडिलची सपोझिटरी आणि बोटाने हलकं उत्तेजन चालतं. अगदी खालच्या इजेत तो नसतो, तिथे बोटाने काढावंच लागतं आणि शौच जरा घट्ट ठेवलेलं बरं. कमोडवर वीस मिनिटांच्या वर बसवू नका, तिथेच जखमा होतात.

कंबर किंवा गुडघ्याजवळ अचानक सूज, उष्णता, सांधा कमी हलणं : आधी रक्ताची गुठळी वगळा, मग मऊ भागात हाड तयार होतंय का ते. दोन्ही घरी चोळण्याच्या गोष्टी नाहीत.

महिन्याच्या भेटीला लघवीची वही, सगळ्या गोळ्यांचे पत्ते, स्प्लिंट-बूट आणि पेशंट चालतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ सोबत द्या.

उंबरठा

पाऊल वर उचलता येत नाही, खाली लोंबतं, त्यासाठीचा प्लास्टिकचा ब्रेस पुष्कळ जण घेतात आणि कपाटात टाकतात. का?

खडीसाखर

तीन कारणं. पहिलं, पातळ लवचीक ब्रेस कडक पिंढरीला दिलेला असतो, तो वाकतो आणि पाऊल आतच वळतं. तिथे जाड, घोटा धरून ठेवणारा लागतो, कधी आधी बोटॉक्स. दुसरं, ब्रेस नेहमीच्या बुटात मावत नाही, बूट एक नंबर मोठा हवा, आतली गादी काढता येणारा. तिसरं, घरात बूट घालत नाहीत आणि नुसता ब्रेस फरशीवर घसरतो. घरासाठी मागे पट्टा असलेली, तळाला रबर असलेली वेगळी चप्पल ठेवा. सुती मोजा घालून पहिल्या दिवशी अर्धा तास, काढून कातडी बघा, मग रोज वेळ वाढवा.

तगर

प्रमाणपत्राचं कोणी लिहील का? टक्केवारीवरून फार वाद होतात.

कातळफूल

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी नेमलेल्या सरकारी रुग्णालयात, मग यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र). टक्केवारी दुखण्यावर ठरत नाही. सांध्याची हालचाल, ताकद, समन्वय, कामं यांची मोजणी असते. दोन दोष असतील तर साधी बेरीज करत नाहीत. मोठा आकडा 'अ', छोटा 'ब' : अ अधिक ब गुणिले (९० वजा अ) भागिले ९०. म्हणजे ४० आणि ३० मिळून ७० नाही, साधारण ५७. सुधारणा होत असेल तर प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं मिळतं. त्याला हरकत घेऊन भांडू नका, मुदतीनंतर पुन्हा तपासतात.

बांधावरचा

खूप उपयोगी. शेवटचा प्रश्न, व्हीलचेअर आणि उंबरे. ऑनलाइन मागवलेली खुर्ची दारातूनच जात नाही असं फार होतं.

पाऊलवाट

आधी घराची मापं, मग खुर्ची. बसल्यावर नितंबांची रुंदी अधिक साधारण एक इंच ही सीटची रुंदी. दोन्ही बाजूंना हाताचा पंजा जेमतेम सरकावा. फार रुंद घेतली तर पेशंट एका बाजूला कलतो आणि त्या बाजूच्या हाडावर जखम होते. गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मोकळी. पायपाट जमिनीपासून दोन इंच वर, आणि मांडी सीटला पूर्ण टेकलेली. गुडघे वर आले तर सगळा भार माकडहाडावर जातो. हाताचा दांडा काढता येणारा हवा, नाहीतर खाटेवर सरकता येत नाही.

दार मोकळं ३२ इंच हवं. जुन्या घरांत न्हाणीघराचं दार २४ ते २७ इंचांचं असतं. चौकट न तोडता, दार बाहेर उघडणारं केलं किंवा काढून पडदा लावला तरी दीड-दोन इंच मिळतात. त्यातही बसत नसेल तर आतल्यासाठी लहान चाकांची अरुंद कमोड चेअर वेगळी घ्या. उताराचं गणित एकास बारा : सहा इंचांच्या पायरीला सहा फूट उतार. दोन फुटांची फळी टाकून ढकलणारे असतात, तिथे खुर्ची मागे उलटते. उतरताना खुर्ची पाठमोरी उतरवा.

बांधावरचा

मापं लिहून घेतली. उद्याच्या भेटीला टेप घेऊन जातो.